फॉरमॅट मारण्याआधी थांबा! व्हायरस शिरलेला घरचा कॉम्प्युटर परत कसा मिळवायचा



आजचा विषय मार्केटिंगचा नाही, विक्रीचाही नाही. पण ज्यांचा धंदा घरच्या एका कॉम्प्युटरवर चालतो, त्यांनी हा लेख शेवटपर्यंत वाचाच. आपल्यापैकी बहुतेकांचं ऑफिस म्हणजे हॉलच्या कोपऱ्यातलं ते टेबल. सकाळी त्याच कॉम्प्युटरवर बिलं निघतात, संध्याकाळी त्यावरच पोरं अभ्यास करतात, आणि रात्री पाहुण्यांना लग्नाचे फोटो दाखवायलाही तोच लागतो.

दिवाळीच्या तोंडावर सकाळी सकाळी मला लातूरहून फोन आला. आमच्या बॅचमधल्या एक ताई. औसा रोडला घर, घरूनच काळा मसाला, पापड आणि शेवयांचा उद्योग. लातूर, अहमदपूर, लोहा ते इकडे नांदेडपर्यंत किराणा दुकानांत माल जातो.

"सर, सगळं गेलं बघा. एक फाईल उघडंना."

काय झालं होतं? बारावीतल्या मुलाला कॉलेजच्या गॅदरिंगचा व्हिडिओ एडिट करायचा होता. सॉफ्टवेअर विकतचं, म्हणून त्यानं फुकटातली 'क्रॅक' शोधली. डाउनलोड करताना सूचना आली, 'आधी अँटिव्हायरस बंद करा.' त्यानं केला. सकाळी ताईंनी कॉम्प्युटर लावला तर सगळ्या फाईलींचे आयकॉन पांढरे. प्रत्येक फाईलच्या नावामागं चार अनोळखी अक्षरांचं शेपूट. आणि प्रत्येक फोल्डरमध्ये 'रीडमी' नावाची एक टेक्स्ट फाईल. तिच्यात लिहिलेलं, तुमच्या फाईली कुलूपबंद केल्यात, किल्ली पाहिजे तर ९८० डॉलर द्या, ७२ तासांत दिले तर अर्ध्यात, म्हणजे ४९० डॉलर. अर्धे म्हटले तरी चाळीस हजारांच्या आसपास!

ताई कॉम्प्युटर घेऊन जवळच्या दुरुस्तीवाल्याकडं गेल्या होत्या. त्यानं दोन मिनिटं बघितलं आणि म्हणाला, "मॅडम, फॉरमॅट मारतो. पाचशे रुपये. संध्याकाळी घेऊन जा." ताई मला दुकानातूनच फोन करत होत्या.

मी म्हटलं, "ताई, त्याला म्हणा हात लावू नको. कॉम्प्युटर घरी आणा."

## मशीन वेगळं, माल वेगळा

आजच्या लेखातून एकच गोष्ट लक्षात ठेवायची असेल तर ही ठेवा. कॉम्प्युटर दुरुस्त होणं आणि तुमचं काम परत मिळणं, या दोन वेगळ्या गोष्टी आहेत.

गोडाऊनला आग लागली तर आपण आधी माल बाहेर काढतो, भिंतीला रंग नंतर देतो. फॉरमॅट म्हणजे माल आत असतानाच गोडाऊन पाडून नवीन बांधणं. विंडोज परत टाकता येतं, दहा वेळा टाकता येतं. पण कोणत्या दुकानदाराकडं किती उधारी बाकी आहे, हे विंडोजच्या पेन ड्राइव्हमध्ये नसतं.

दुरुस्तीवाल्याचा दोष नाही. त्याला 'कॉम्प्युटर चालू करून दे' एवढंच सांगितलेलं असतं, ते तो करून देतो. काय वाचवायचं हे आपण सांगायचं असतं. म्हणून आता क्रम नीट समजून घ्या. या कामात उपायापेक्षा उपायांचा क्रम जास्त महत्त्वाचा आहे.

## पायरी १ : आधी तोडा

वायफाय बंद. नेटची वायर काढा. पेन ड्राइव्ह, बाहेरची हार्ड डिस्क, मोबाईलची केबल, जे जोडलेलं असेल ते काढा. डोळ्यांदेखत फाईलींची नावं बदलत असतील, तर पॉवरचं बटण दाबून धरा आणि कॉम्प्युटर सरळ बंद करा. प्रत्येक मिनिटाला फाईली जातायत.

स्क्रीनवर काही मेसेज असेल तर मोबाईलनं फोटो काढून ठेवा. तो पुढे लागणार आहे.

आता काय करायचं नाही तेही ऐका. 'बॅकअप आहे का बघू' म्हणून चांगली हार्ड डिस्क त्याच कॉम्प्युटरला जोडू नका, तीही जाईल. आणि त्याच कॉम्प्युटरवर नेट लावून उपाय शोधत बसू नका. ताईंच्या कॉम्प्युटरमध्ये जो शिरला होता, त्या घराण्याला 'स्टॉप' किंवा 'डीजेव्हीयू' म्हणतात. तो सुरक्षेच्या वेबसाइट उघडूच नयेत अशी सोय आधी करून ठेवतो. जे शोधायचं ते मोबाईलवर शोधा.

## पायरी २ : पाहुणा कोण आहे ते ओळखा

आपल्याकडं सगळ्यालाच 'व्हायरस' म्हणतात. पण तापाचं औषध ताप कशाचा आहे त्यावर ठरतं. घरच्या कॉम्प्युटरमध्ये साधारण तीन प्रकार सापडतात.

पहिला, शॉर्टकटवाला. झेरॉक्सच्या दुकानात, डीटीपीवाल्याकडं किंवा नेट कॅफेत पेन ड्राइव्ह लावला, घरी येऊन बघितलं तर सगळ्या फोल्डरचे शॉर्टकट झालेले. घाबरू नका, यात डेटा बहुतेक वेळा जागेवरच असतो, फक्त लपवलेला असतो. त्या शॉर्टकटवर डबल क्लिक करू नका, कारण त्यानंच व्हायरस चालू होतो. फाईल एक्सप्लोररमध्ये 'व्ह्यू'मधून 'हिडन आयटम्स' चालू करा. तरी दिसलं नाही तर फोल्डर ऑप्शन्समध्ये 'हाइड प्रोटेक्टेड ऑपरेटिंग सिस्टिम फाईल्स' समोरची खूण काढा. कधी कधी सगळा माल एका बिननावाच्या फोल्डरमध्ये सापडतो. आपल्या कामाच्या फाईली तेवढ्या उचलून दुसरीकडं ठेवा, कॉम्प्युटर स्कॅन करा आणि पेन ड्राइव्ह फॉरमॅट करा. इथं फॉरमॅट चालतं, कारण माल आधी बाहेर काढलाय.

दुसरा, गुपचूप बसणारा. कॉम्प्युटर मंद होतो, ब्राउझरचं मुखपृष्ठ बदलतं, जाहिराती उसळतात. किंवा काहीच दिसत नाही, पण आतून पासवर्ड चोरले जातात. फाईली उघडतात, म्हणून लोक दुर्लक्ष करतात. खरं तर यात बँकेच्या खात्याला जास्त धोका आहे.

तिसरा, कुलूप लावणारा. म्हणजे रॅन्समवेअर. ताईंकडं आलेला हा.

## पायरी ३ : सफाईच्या आधी कॉपी

आता तुम्ही विचाराल, "सर, कुलूप लागलेल्या फाईलींची कॉपी कशाला? त्या तर उघडतच नाहीत."

याच प्रश्नापाशी बहुतेकांचं नुकसान होतं. याच डीजेव्हीयू घराण्याचं उदाहरण घ्या. ऑक्टोबर २०१९ मध्ये एम्सिसॉफ्ट या कंपनीनं त्याची किल्ली म्हणून एक फुकट साधन जाहीर केलं. या व्हायरसच्या १४८ प्रकारांवर ते चालत होतं. ज्यांनी कुलूपबंद फाईली महिनोन्‌महिने तशाच जपून ठेवल्या होत्या, त्यातल्या अनेकांना त्या परत मिळाल्या. ज्यांनी रागारागानं फॉरमॅट मारलं होतं, त्यांच्याकडं किल्ली लावायला कुलूपच उरलं नव्हतं!

म्हणून कुलूपबंद फाईली आणि ती 'रीडमी' फाईल, दोन्ही सांभाळा. फाईलींची नावं बदलू नका. शेपूट काढून टाकलं म्हणून फाईल उघडत नाही, उलट ओळख पुसली जाते.

कॉपी कशी काढायची? दुरुस्तीवाल्याकडं जाऊन एवढंच वाक्य बोला, "आधी माझ्या डिस्कची पूर्ण कॉपी दुसऱ्या डिस्कवर काढा, मग पुढचं बोलू." तो डिस्क काढून दुसऱ्या मशीनला जोडेल किंवा लिनक्सच्या पेन ड्राइव्हवरून कॉम्प्युटर चालू करून कॉपी घेईल.

याहून सोपा मार्ग आहे, ताईंनी तोच घेतला. जुनी डिस्क काढून प्लास्टिकच्या पिशवीत घातली, वर तारीख लिहिली, कपाटात ठेवली. कॉम्प्युटरमध्ये नवीन एसएसडी टाकली. तसाही जुना कॉम्प्युटर एसएसडीनं पळायला लागतो. त्याच संध्याकाळी बिलं काढणं सुरू झालं, आणि जुना माल जसाच्या तसा शिल्लक राहिला.

## पायरी ४ : किल्ली आहे का बघा, पण विकत घेऊ नका

युरोपोल, नेदरलँड्सचे पोलीस आणि दोन अँटिव्हायरस कंपन्या यांनी मिळून जुलै २०१६ मध्ये 'नो मोअर रॅन्सम' नावाचा उपक्रम सुरू केला. त्याच्या वेबसाइटवर कुलूपबंद फाईल आणि खंडणीची चिठ्ठी टाकली की कोणता व्हायरस आहे आणि त्याची फुकट किल्ली आहे का, ते कळतं. हे दुसऱ्या, चांगल्या कॉम्प्युटरवरून करा.

डीजेव्हीयूमध्ये एक खूण लक्षात ठेवा. चिठ्ठीच्या शेवटी एक लांबलचक पर्सनल आयडी असतो. तो इंग्रजी 'टी' आणि १ या जोडीवर संपत असेल, तर फाईलींना 'ऑफलाइन' किल्ली लागलेली असू शकते, आणि अशी किल्ली आज ना उद्या मिळण्याची आशा असते. व्हायरसला त्या वेळी नेट मिळालं असेल, तर तो प्रत्येक कॉम्प्युटरसाठी वेगळी 'ऑनलाइन' किल्ली बनवतो. तिथं मार्ग जवळपास बंद.

ताईंचं नशीब बेताचं. रात्रभर नेट चालू होतं. किल्ली ऑनलाइन निघाली.

"मग पैसे भरू का सर? पावणेदोन लाखांची उधारी अडकलीय."

मी नाही म्हटलं. एक तर पैसे दिल्यावर किल्ली मिळेलच याची हमी कोण देणार? चोरच ना? दुसरं, पैसे देणाऱ्याचं नाव 'देणारा' म्हणून लिहून ठेवलं जातं. आणि 'आम्ही शंभर टक्के उघडून देतो' म्हणणाऱ्या जाहिरातींपासूनही लांब राहा. कुलूप उघडलेलं दाखवा, मग पैसे, असं म्हणून बघा. लगेच फोन ठेवतात.

तक्रार मात्र करा. पैशांची फसवणूक झाली असेल तर लगेच १९३० या हेल्पलाइनला फोन लावा. बाकीच्या तक्रारीसाठी केंद्र सरकारचं सायबर क्राइम पोर्टल आहे.

## पायरी ५ : आता सफाई

माल सुरक्षित झाला. आता दुरुस्तीवाला जे म्हणत होता ते करायची वेळ आली.

दुसऱ्या प्रकारचा, म्हणजे गुपचूप बसणारा व्हायरस असेल, तर विंडोजमधलंच एक हत्यार वापरा. सेटिंग्जमध्ये विंडोज सिक्युरिटी उघडा, 'व्हायरस अँड थ्रेट प्रोटेक्शन'मध्ये 'स्कॅन ऑप्शन्स', आणि तिथं 'डिफेंडर ऑफलाइन स्कॅन'. कॉम्प्युटर रीस्टार्ट होतो आणि विंडोज पूर्ण चालू व्हायच्या आधीच तपासणी होते. साधारण १५ मिनिटं. चोर झोपेत असताना घराची झडती घ्यावी, तसं. केंद्र सरकारच्या 'सायबर स्वच्छता केंद्रा'नंही २०१७ पासून फुकट सफाईची साधनं दिलेली आहेत.

रॅन्समवेअर असेल किंवा स्कॅन करूनही मन साशंक असेल, तर विंडोज नवीन टाका. 'रीसेट धिस पीसी'मध्ये दोन पर्याय येतात, फाईली ठेवायच्या की सगळं काढायचं. कॉपी हातात असेल तर 'सगळं काढा' निवडा. 'क्लाउड डाउनलोड' घेतलात तर चार जीबीच्या आसपास नेट जातं, मोबाईलच्या हॉटस्पॉटवर असाल तर हिशोब धरा.

आणि हो, विंडोज १०चा नेहमीचा सपोर्ट १४ ऑक्टोबर २०२५ ला संपला. नवीन टाकायचंच आहे तर मशीन झेपत असेल तर ११ टाका. क्रॅक केलेलं विंडोज टाकून घेऊ नका. ज्या दारानं चोर आला तेच दार पुन्हा उघडं ठेवण्यासारखं आहे.

स्वच्छ मशीन पुन्हा का बिघडतं, याचं उत्तर बहुतेक वेळा ड्रॉवरमध्ये पडलेलं असतं : जुने पेन ड्राइव्ह. एकूण एक तपासा. फ्लॉपीच्या काळातही हीच कथा होती. पुण्यात कैलास काटकर कॅल्क्युलेटर आणि कॉम्प्युटर दुरुस्त करायचे. गिऱ्हाइकांची मशीन व्हायरसनं बंद पडून यायची. धाकटा भाऊ संजय कॉम्प्युटर शिकत होता, त्यानं त्यावर प्रोग्रॅम लिहायला घेतले. १९९५ च्या सुमारास त्यातून 'क्विक हील' उभं राहिलं, २०१६ मध्ये ही कंपनी शेअर बाजारात गेली. गिऱ्हाइकाची तीच तीच तक्रार नीट ऐकली की त्यात धंदा सापडतो. पण तो वेगळ्या व्हिडिओचा विषय.

## पायरी ६ : पासवर्ड बदला, आजच

ही पायरी दहातले नऊ जण विसरतात. कुलूप लावणारा हा व्हायरस अनेकदा एकटा येत नाही. पासवर्ड चोरणारा जोडीदार बरोबर आणतो. ब्राउझरमध्ये 'सेव्ह' केलेलं सगळं गेलं असं समजून चाला.

दुसऱ्या, स्वच्छ फोनवरून क्रमानं बदला : आधी ईमेल, मग नेट बँकिंग, मग जीएसटी, मग बाकीचे. ईमेल आधी का? कारण बाकी सगळ्यांचे पासवर्ड ईमेलवरूनच बदलता येतात. व्हॉट्सॲपच्या 'लिंक्ड डिव्हायसेस'मधून जुना कॉम्प्युटर काढून टाका. टू-स्टेप चालू करा.

## पायरी ७ : कुलूप उघडत नसेल तर हिशोब बाहेरून गोळा करा

आता खरी धंद्याची गोष्ट. ताईंची चार वर्षांची फाईल उघडत नव्हती. पण मंडळी, धंद्याचा कोणताही व्यवहार एका जागी कधीच नसतो. त्याला नेहमी दुसरी बाजू असते. तुमची खरेदी म्हणजे कोणाची तरी विक्री. ती त्याच्या वहीत लिहिलेली असते.

आम्ही कागदावर यादी केली.

• मिरची, धने, खोबरं जिथून घेतलं, त्या व्यापाऱ्यांकडून वर्षाचा खातेउतारा मागवला. खरेदी जुळली.
• बँकेचं स्टेटमेंट आणि यूपीआयची हिस्ट्री डाउनलोड केली. आलेला पैसा जुळला.
• बिलबुकाच्या कार्बन कॉप्या माळ्यावर होत्या. मागच्या दोन वर्षांची विक्री मिळाली.
• मार्चमध्ये रिटर्नसाठी सीएंना पाठवलेली फाईल ईमेलच्या 'सेंट'मध्ये तशीच होती.
• व्हॉट्सॲपवर दुकानदारांना पाठवलेली बिलं फोनमध्ये होती.
• मुलांच्या मार्कशीट डिजिलॉकरवरून परत काढल्या.

जीएसटी नोंदणी असेल तर आणखी सोपं. तुम्ही भरलेली रिटर्न पोर्टलवरून परत उतरवता येतात.

राहिली उधारी. ताईंनी सगळ्या दुकानदारांना सरळ फोन केला. "दादा, आमच्या कॉम्प्युटरचं असं असं झालंय. तुमच्याकडं किती बाकी लिहिलीय?" लपवालपवी केली नाही. तीन आठवडे लागले. साधारण दीड लाखाचा हिशोब जुळला. काही जणांनी तर स्वतःहून आकडा सांगितला. पंचवीसेक हजारांचं मात्र काहीच सापडलं नाही. आणि मुलीच्या लहानपणीचे फोटो गेले. नातेवाइकांच्या फोनमधून थोडे जमले, बाकी गेलेच. हे मी मुद्दाम सांगतोय. सगळं परत मिळतं असं म्हणणारा लेख खोटा असतो.

## वीज गेली म्हणून वाचली

हे फक्त घरी होतं असं नाही. जून २०१७ मध्ये 'नॉटपेट्या' नावाच्या व्हायरसनं जहाज वाहतुकीतली बलाढ्य डॅनिश कंपनी मर्स्क गुडघ्यावर आणली. आपल्या महाराष्ट्रातल्या जेएनपीटी बंदरातलं तिच्या गटाचं टर्मिनलसुद्धा त्यात ठप्प झालं होतं. पुढं दहा दिवसांत कंपनीनं चार हजार सर्व्हर आणि ४५ हजार कॉम्प्युटर नव्यानं उभे केले. पण सगळं नेटवर्क ज्यावर चालतं, त्या मुख्य नोंदींच्या प्रती जगभर सगळीकडं पुसल्या गेल्या होत्या. एकच वाचली, आफ्रिकेतल्या घाना देशात. का? तर व्हायरस आला तेव्हा तिथं लाईट गेली होती! ते मशीन नेटवर्कवर नव्हतं, म्हणून वाचलं.

भारनियमनाला आयुष्यभर शिव्या घालणाऱ्या आपल्या मराठवाड्यातल्या माणसाला हे लगेच पटेल. जी कॉपी जोडलेली नव्हती, तीच वाचली. कायम जोडून ठेवलेली हार्ड डिस्क म्हणजे बॅकअप नव्हे, ती फक्त दुसरी जागा.

म्हणून नियम साधा. तीन प्रती, दोन वेगळ्या साधनांवर, एक घराबाहेर. एक कॉम्प्युटरमध्ये. एक बाहेरच्या डिस्कवर, आठवड्यातून एकदा जोडायची, कॉपी झाली की काढून कपाटात. एक ऑनलाइन ड्राइव्हवर किंवा बहिणीच्या घरी. आणि महिन्यातून एकदा त्यातली एखादी फाईल उघडून बघा. न उघडून बघितलेला बॅकअप म्हणजे न मोजलेला गल्ला.

ताई आता दर शनिवारी रात्री कॉपी काढतात, दहा मिनिटांचं काम. मुलासाठी विंडोजमध्ये वेगळं खातं केलंय, त्यात काही इन्स्टॉल करायचं तर ताईंचा पासवर्ड लागतो. त्याला कोणी मारलं नाही, ओरडलंही नाही. उलट ती शनिवारची कॉपी आता तोच काढतो. आणि जुनी डिस्क अजून कपाटात आहे. तारीख लिहिलेली. किल्ली निघाली तर लावून बघता येईल.

तुमच्यासाठी आजचं गृहपाठाचं काम एकच. हा लेख बंद करायच्या आधी उधारीची फाईल शोधा आणि तिची एक कॉपी पेन ड्राइव्हवर घ्या. मग पेन ड्राइव्ह काढा. काढायचं विसरू नका!

भेटू पुढच्या व्हिडिओत.